वळणावरचा पांढरा शर्ट

लकडगंजातले रिक्षावाले गोपिकाला काचवाली मावशी म्हणतात. खरं सांगायचं तर तिचा काचेशी काडीचाही संबंध नाही. ई-रिक्षाच्या तोंडावर जे बसवलेलं असतं ते प्लास्टिक. नवं असताना ते इतकं निर्मळ असतं की चिमण्या येऊन आपटतात, आणि दोन उन्हाळे वरून गेले की पिवळं, धुरकट, ओरखड्यांनी भरलेलं होऊन बसतं. नागपूरचं ऊन माणसांची गय करत नाही, तिथं प्लास्टिक कोण लागून गेलं. पण प्लास्टिकवाली मावशी म्हटलं की भंगार गोळा करणारी डोळ्यांपुढे येते, म्हणून काचवाली. गोपिकाला हे नाव मनापासून आवडतं.

लाकूड कापायच्या आरा मशिनींची ओळ संपते तिथं ई-रिक्षा चार्जिंगची एक पत्र्याची शेड आहे. दुपारी सवारी नसते, तेव्हा गाड्या तारांना जोडून रिक्षावाले डबा खातात आणि मागच्या सीटवर पाय पोटाशी घेऊन झोपतात. बॅटरी भरेपर्यंत त्यांच्या काचा गोपिकाच्या ताब्यात. एक बादली पाणी, जुन्या सुती लुगड्याचे तुकडे, चकाकी आणायच्या पांढऱ्या कंपाउंडची डबी आणि पाणीपेपर, म्हणजे पाण्यात भिजवून घासायचा तो काळा कागद, खरखरीतपासून थेट रेशमापर्यंत निरनिराळ्या जातींचा. एवढाच तिचा संसार. शेजारून सागाचा भुसा उडत असतो, करवतीचा आवाज चढतो, उतरतो, पुन्हा चढतो, आणि त्या आवाजाबरोबर गोपिकाचा हात चालतो. पाहणाऱ्यालासुद्धा पेंग येते.

काचेवरून तिला माणूस कळतो. अर्धगोल ओरखडे दिसले की हा गडी खापरखेड्याच्या वीजकेंद्राच्या रस्त्यानं राखेच्या ट्रकांमागून येणारा. राख काचेवर बसते आणि हा सकाळच्या घाईत कोरड्या दुपट्ट्यानं ती पुसून काढतो. आधी पाणी मारावं, राख वाहून जाऊ द्यावी, मग पुसावं, हे ती सांगून सांगून थकली. एकच लांब, खोल रेघ दिसली तर बोटात अंगठी आहे आणि लग्न नुकतंच झालेलं आहे. आणि काचेत कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक तडे दिसले, तर मात्र तिचं डोकं फिरतं.

"काहून गा, थिनर मारलं होतं ना?"

"नाई मावशी, जरासंच. स्टिकर निघून नाई राहिलं होतं."

"जरासं विष घेऊन पाह्य मंग."

अशा माणसाशी ती काच होईपर्यंत बोलत नाही. काच मात्र करून देते.

हा हात मुळात तिचा नव्हे, नत्थूचा. नत्थू तिचा नवरा. पूर्वी उमरेड-भंडाऱ्याकडे काळ्यापिवळ्या जीपा धावायच्या तेव्हा तो त्यांचे हूड शिवायचा, ताडपत्रीत प्लास्टिकच्या खिडक्या बसवायचा. खिडकी उन्हानं मेली की मालक म्हणायचा फेकून दे, आणि नत्थू म्हणायचा थांबा जी, जीव आहे तिच्यात अजून. जीपा गेल्या, ई-रिक्षा आल्या, तशी नत्थूनं शिलाई मशीन घरात खाटेखाली सरकवली आणि बादली घेऊन शेडपाशी येऊन बसला. गोपिका त्याच्या शेजारी.

त्याची रीत ठरलेली होती. पहिला पेपर आडवा मारायचा, त्याहून बारीक तो उभा, त्याहून बारीक पुन्हा आडवा. उभ्या रेघांनी आडव्या रेघा पुरत्या खाल्ल्या की समजायचं, पुढं जायला हरकत नाही. शेवटी कंपाउंड आणि मऊ कापड, लहान लहान गोल. आणि सगळं झालं की दोन पावलं मागं सरायचं, डावा हात कमरेवर, मान जराशी उजवीकडे कलती, आणि काचेतून दिसेल ती सगळ्यात लांबची वस्तू शोधायची. एखादी घार, पाण्याची टाकी, कुणाच्या गच्चीवर वाळत घातलेलं पातळ. ते स्वच्छ दिसलं तर काच झाली. लग्न होऊन आली तेव्हा गोपिकाला याचं हसू यायचं. नवरीकडे पाहत नाही इतकं हा माणूस त्या खिडकीकडे पाहतो, असं ती जावेला सांगायची, आणि मनातून तिला तो तसा उभा राहिलेला फार आवडायचा.

खोट एकच, कोपऱ्यांची. कोपऱ्यांत नत्थू घाई करायचा. गोपिका त्याच्यामागून बडबडत कोपरे घासायची.

"मधातून दिसलं म्हणजे झालं ना वं," तो म्हणायचा. "कोपऱ्यातून कोण पाहते?"

"मी पाहते ना."

करोनाच्या दुसऱ्या लाटेत नत्थू गेला. त्या दिवसांबद्दल गोपिका बोलत नाही, आणि बोलण्यासारखं तिच्यापाशी फारसं नाहीच. दवाखान्याच्या फाटकाबाहेर गाडी उभी होती. आत नत्थू, गुंडाळलेला, चेहऱ्यापुरता उघडा ठेवलेला. जवळ जायचं नाही, मागच्या काचेतून पाहून घ्या, असं सांगितलं होतं. काच प्लास्टिकची होती आणि कोरडी पुसपुसून पार पांढरी झालेली. त्यात ऊन पडलं होतं. गोपिकाला नुसतं पांढरं दिसलं. जन्मभर हेच काम केलेल्या बाईच्या हातात त्या वेळी ना पाणी होतं ना पेपर. तिनं पदराचं टोक जिभेवर ओलं केलं आणि काच पुसायला गेली, तोच गाडी सुरू झाली.

"दिसले का आई?" शेजारी उभ्या असलेल्या पायलनं विचारलं. पायल तिची एकुलती एक लेक.

"दिसले," गोपिका म्हणाली.

ते खोटं होतं. तिनं ते कुणाला सांगितलं नाही, आणि पुढं कितीतरी दिवस भाकर थापताना, पाणी भरताना ते तिच्या घशाशी येत राहिलं. माणूस गेल्याचं दुःख जगात सगळ्यांना असतं. आपला माणूस हातभर अंतरावर होता आणि एका घाणेरड्या प्लास्टिकपायी तो आपल्याला दिसला नाही, याची चीड गोपिकाला होती. ती कुणावर काढणार? तिनं नत्थूची बादली उचलली आणि शेडपाशी जाऊन बसली.

मग अलीकडे तिच्या पुढ्यात धुकं यायला लागलं.

पहिल्यांदा तिला वाटलं, भुसा जास्त उडून राहिला. मग वाटलं, आताशा प्लास्टिकच हलकं येतं, कितीही घासा, खुलत नाही. काचेवरचं धुकं काढणं हाच जिचा धंदा, तिला धुकं दिसलं की ते काचेवरच आहे असं वाटणार. यात तिचं काय चुकलं? ती जास्त घासायला लागली. पाणी पुन्हा पुन्हा बदलायला लागली. आणि रिक्षावाले येऊन म्हणायचे, "आरसा केला मावशी, आरसा!" तेव्हा तिचा जीव भांड्यात पडायचा.

धुकं तसं वाईट नव्हतं. खोटं कशाला बोला, तिला त्याचा लळाच लागला. दुपार कलली की भुशात ऊन शिरायचं आणि सगळी हवा हळदीच्या पाण्यासारखी व्हायची. सागाच्या थप्प्या बसलेल्या हत्तींसारख्या दिसायच्या. माणसांच्या तोंडावरच्या सुरकुत्या, त्रास, राग, सगळं पुसलं जायचं आणि जो तो सज्जन वाटायचा. लांबून कुणीही यायचं ते आधी ओळखीचं वाटायचं. कधी मोठा भाऊ, कधी माहेरची शेजारीण. जवळ आलं की ते भलतंच कुणी निघायचं, मग गोपिका मान खाली घालून पुन्हा घासायला लागायची.

आणि अशाच एका संध्याकाळी तिला नत्थू दिसला.

शेडपासून रस्ता सरळ जातो आणि सागाच्या थप्प्यांपाशी वळतो. तिनं नुकतीच करून दिलेली एक रिक्षा त्या वळणावर जाऊन थांबली. तिथं एक पांढरा शर्ट उभा होता. चेहरा नाही, पाय नाहीत, नुसता शर्ट, संध्याकाळच्या पिवळ्या हवेत तरंगत असल्यासारखा. तो रिक्षापुढं वाकला. त्याचा हात फिरायला लागला, लहान लहान गोल. मग तो दोन पावलं मागं सरला. डावा हात कमरेवर गेला. मान उजवीकडे कलली.

गोपिकाच्या हातातलं कापड बादलीत पडलं. ती उठली, चार पावलं गेली आणि थबकली. जवळ गेलं की माणूस बदलतो, हे तिला आता पक्कं ठाऊक झालं होतं. हा बदलला तर? ती परत येऊन आपल्या जागी बसली आणि रिक्षा निघून जाईपर्यंत पाहत राहिली.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. मग रोजच. संध्याकाळ व्हायला आली की गोपिका तोंड धुवायला लागली, केस सारखे करायला लागली, पातळाच्या निऱ्यांवरचा भुसा झटकायला लागली. मशिनीवरची माणसं चिडवायची, "मावशी, पाव्हणे येऊन राहिले का?" ती हसायची आणि पुन्हा निऱ्या झटकायची.

गोपिका वेडी नव्हती. मेलेलं माणूस परत येत नाही, हे बुद्धविहारात कितीदा ऐकलेलं होतं आणि तिला ते पटलंही होतं. पण दुसऱ्यांदा कामाला आलेल्या काचा तिनं बोटांनी चाचपल्या तेव्हा ती गोंधळली. मधला भाग लोण्यासारखा, आणि कोपरे खरखरीत. कोपरे सोडायची खोड जगात एकाच माणसाची होती. विहारातलं खरं, आणि हेही खरं, असं तिनं ठरवून टाकलं. इतकी वर्षं ऐकणं आणि पटणं झालं होतं, आता थोडे दिवस पाहणं होऊ दे, एवढंच तिचं म्हणणं.

विहारात डोळे तपासायचं शिबिर लागलं तेव्हा पायलनं तिला धरून नेलं. पायल इतवारीत एका साडीच्या दुकानात फॉल लावते, बोलायला तिखट आणि आईपुढं कायम हळवी. लग्न मोडून माहेरी परत आली त्यालाही आता बरीच वर्षं झाली. डॉक्टरांनी गोपिकाच्या डोळ्यांत उजेड टाकून पाहिलं.

"दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे आजी. ऑपरेशन करून घ्या. सगळं लख्ख दिसेल."

"सगळं?"

"जे आहे ते सगळं."

जे आहे ते दिसेल, म्हणजे जे नाही ते जाईल. नजर आली की नत्थू जाणार. दवाखान्याच्या फाटकापाशी तो एकदा दिसायचा राहिला होता, आता रोज संध्याकाळी दिसत होता, आणि हे लोक तिला सांगत होते की तो काढून टाकू.

मग सुरू झाली टोलवाटोलवी. आता ऊन फार आहे. आता लग्नसराई आहे, गाड्या जास्त येतात. आता थंडी पडू दे. पायल रोज मागं लागायची.

"आई, तुले ताटातली मिरची दिसून नाई राहिली अन् तू काचा करते."

"मले दिसते जेवढं पाह्यजे तेवढं."

"काहून भेते वं तू? एका दिवसाचं काम आहे."

"तू आपली साडी पाह्य," असं म्हणून गोपिका पाठ फिरवायची. मायलेकी एकाच खोलीत राहून एकमेकींपासून काहीतरी लपवत होत्या, आणि दोघींनाही वाटत होतं की लपवणारी आपण एकटीच.

ऑक्टोबरच्या उकाड्यात पायल तापानं पडली. गोपिकानं तिच्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवल्या, पेज पाजली, शेजारणीला लक्ष ठेवायला सांगितलं आणि दुपारी शेडवर गेली. त्या दिवशी संघपालची काच होती. संघपाल म्हणजे खापरखेड्याकडचा पोरगा, कोरड्या दुपट्ट्यावाल्यांचा म्होरक्या, पण येता-जाता जय भीम घातल्याशिवाय पुढं जायचा नाही. तिनं त्याची काच मन लावून केली. संध्याकाळी तो निघाला. गोपिकानं वळणाकडे पाहिलं. वळण रिकामं होतं. संघपालची रिक्षा न थांबता निघून गेली, आणि अंधार पडेपर्यंत तिथं कुणी आलं नाही.

दुसऱ्या दिवशी संघपाल आला तो तडकलेली काच घेऊन.

"मावशी, एखादी जुनी काच असली तर दे. काल इतवारीत हातगाडीले ठोकलं. स्टीलची भांडी होती, पुरी रस्त्यावर सांडली. त्या गाडीवाल्याच्या पायाले लागलं बिचाऱ्याच्या."

"समोर पाहून नाई राहिला होता का?"

"पाहूनच राहिलो होतो. पन सूर्य काचेवर आला अन् काहीच दिसलं नाई. नुसतं पांढरं झालं."

गोपिकानं ती काच मांडीवर घेतली आणि अंगठ्याचं नख तिच्यावरून आडवं ओढलं. किर्रर्र आवाज आला. उभ्या रेघा, एकीला लागून एक, वरपासून खालपर्यंत. काल तिनं केलेलं काम ते. शेवटचा आडवा हात तिनं दिलाच नव्हता, किंवा दिला तो भलत्याच पेपरानं, आणि तिला ते दिसलं नव्हतं. नख लावून पाहायची बुद्धी आधी का झाली नाही, तर लोक आरसा म्हणायचे म्हणून.

"तुह्या हाताची चूक नाई मावशी," संघपाल घाईघाईनं म्हणाला. "सूर्याचं काय करतं आपन?"

पण गोपिकाला त्याचं बोलणं ऐकूच येत नव्हतं. नुसतं पांढरं झालं. दवाखान्याच्या फाटकापाशी तिच्यापुढं होती तशीच काच तिनं स्वतःच्या हातानं बनवून या पोराच्या पुढ्यात लावली होती. हातगाडीवाल्याच्या जागी कुणी लहान लेकरू असतं तर? तिला स्वतःची इतकी लाज वाटली की बादलीतलं पाणीही नकोसं झालं. तिनं हात पुसले, पेपर गुंडाळले आणि संघपालला म्हणाली, "काच देते मी तुले. पन आत्ता नाई. मले दिसाले लागल्यावर."

घरी गेल्यावर तिनं पायलला सांगितलं, "ठरव तुह्या डॉक्टरले विचारून." तापातसुद्धा पायल उठून बसली.

पायल बरी झाली, दुकानात जायला लागली. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी गोपिका शेडवर गेली, कामाला नव्हे, नुसतीच. संध्याकाळ झाली आणि वळणावर पांढरा शर्ट आला. कुणाची तरी रिक्षा थांबली. तो वाकला, हात फिरला, दोन पावलं मागं, हात कमरेवर, मान कलती. गोपिकानं डोळे भरून पाहून घेतलं. भरलेही ते, त्यामुळं उरलंसुरलं दिसायचं तेही विरघळून गेलं.

"येतो तरी म्हणा जी," ती पुटपुटली.

करवत थांबलेली होती, तरी तिला उत्तर ऐकू आलं नाही.

एका डोळ्याचं झालं, मग दुसऱ्याचं. पट्टी निघाली तेव्हा सगळ्यात आधी तिला रंग दिसले. भिंतीवरच्या तसबिरीतला बाबासाहेबांचा कोट इतका निळा होता हे ती विसरूनच गेली होती. खाटेखालची शिलाई मशीन दिसली, तिच्यावरची धूळ दिसली. पायलच्या कानशिलांवरचे केस पांढरे झालेले दिसले, आणि लेक म्हातारी व्हायला लागली तरी आपल्याला पत्ता नाही, म्हणून तिला रडू आलं. डोळ्यांत पाणी चालत नाही म्हणून पायल तिच्यावर ओरडली. पुढचे कितीतरी दिवस काळा चष्मा लावून ती घरात बसून राहिली. बाहेर संध्याकाळ व्हायची आणि ती मुद्दाम भिंतीकडे तोंड करायची.

शेडवर परतली त्या दुपारी तिनं पहिल्यांदा संघपालला हाक मारली. भंगारातून एक काच मिळवून त्यानं कशीबशी बसवली होती, पिवळीजर्द. गोपिकानं आधी त्याचं तोंड नीट पाहून घेतलं. पोरगा तिला वाटायचा त्याहून बराच काळा होता आणि बराच देखणा. मग तिनं पेपर भिजवला. आडवा. उभा. पुन्हा आडवा. उभ्या रेघा आडव्या रेघांना खाताना तिला एकेक दिसत होत्या, आणि मधल्या काळातल्या सगळ्या काचा आठवून तिच्या अंगावर काटा येत होता. कोपरे तिनं सगळ्यात शेवटी केले आणि सगळ्यात जास्त वेळ केले.

"आरसा केला मावशी," संघपाल म्हणाला, पण या वेळी जरा अडखळत, काचेकडे नीट पाहून मग म्हणाला.

तो निघाला तशी गोपिका वळणाकडे पाठ करून बसली. रिकामं वळण पाहायची तिच्यात ताकद नव्हती. ती पेपर धूत राहिली. धुऊन झालेले पुन्हा धुतले. शेवटी तिला स्वतःचाच राग आला. गेला तर गेला, निदान त्याची जागा तरी पाहावी. तिनं मान वळवली.

वळणावर पांढरा शर्ट होता.

संघपालची रिक्षा थांबलेली होती आणि शर्ट तिच्यापुढं, गोपिकाकडे पाठ करून उभा होता. दोन पावलं मागं सरला. डावा हात कमरेवर. मान उजवीकडे. आता धुकं नव्हतं. सागाच्या थप्पीवरची एकेक फळी मोजता आली असती. शर्टाच्या पाठीवर एक वेणी लोंबत होती.

गोपिका उठली आणि चालायला लागली. या वेळी ती थांबली नाही. जवळ जाता जाता तिला खिशाजवळचं रफू दिसलं, निळ्या दोऱ्याचं, तिनंच हूडच्या दोऱ्यानं घातलेलं, कारण त्या दिवशी घरात पांढरा दोरा नव्हता. ट्रंकेत ठेवलेला नत्थूचा शर्ट. आणि आत पायल.

संघपालनं आधी तिला पाहिलं आणि खाली उतरून बाजूला उभा राहिला, चोरी पकडल्यासारखा. पायल वळली. तिच्या हातात मऊ कापड होतं.

"आज काई केलं नाई मी," ती घाबरून म्हणाली. "पाहाले आली होती फक्त. काईच उरलं नाई आज करायचं."

"दुकान?"

"दुकानातून लवकर निघत होती. ह्या सगळ्याइले सांगून ठेवलं होतं, मावशीपाशी चांगलं म्हना अन् इथं थांबत जा. तुह्या काचा साफ होऊन नाई राहिल्या हे तुले सांगितलं असतं तर तू काम सोडलं असतं, अन् काम सोडलं असतं तर..." तिनं हातातल्या कापडाची घडी केली. "बाबाचा शर्ट कपडे खराब होते म्हनून घातला."

गोपिकानं तिचे हात हातात घेतले. नखांच्या कडांना पांढरं कंपाउंड वाळलेलं, बोटांची टोकं पेपरानं गुळगुळीत झालेली. तिच्या स्वतःच्या हातांसारखे हात, आणि ते कधी झाले ते तिला कळलं नव्हतं. आरसा केला मावशी, आरसा केला, ते सगळं या हातांचं होतं. तिला शरम वाटली, आणि शरमेच्या मागून माया दाटून आली. पण विचारलं तिनं नेहमीचंच.

"कोपरे काहून सोडत होती?"

पायलनं नाक पुसलं. "ते तुहे होते. म्हटलं, तेवढे तुहे राहू दे."

रस्त्यावरून एक टेम्पो गेला. गोपिका संघपालच्या रिक्षात चढली आणि चालकाच्या सीटवर जाऊन बसली. इतकी वर्षं काचा केल्या, पण कुठल्याही काचेमागं ती कधी बसली नव्हती.

"जाय, समोर उभी राह्य," ती पायलला म्हणाली. "तिथं नाई, जरा दूर. हां."

पायल समोर जाऊन उभी राहिली. उतरतं ऊन काचेवर पडलं होतं आणि काच पांढरी झाली नव्हती. पलीकडे नत्थूचा शर्ट होता, निळं रफू होतं, नत्थूचं कपाळ होतं, आणि त्या कपाळाखाली रडायच्या बेतात आलेलं तिच्या लेकीचं तोंड.

"दिसते का आई?"

"दिसते वं. सगळी दिसते." गोपिकाचे दोन्ही हात रिक्षाच्या दांड्यावर घट्ट झाले. घशाशी अडकलेलं ते इतक्या वर्षांनी बाहेर आलं. "त्या दिवशी नव्हते दिसले, पायल. दवाखान्यापाशी. खोटं बोलली मी तुह्याशी."

पायल हळूहळू पुढं आली, अगदी काचेला लागून उभी राहिली आणि तिनं तळहात काचेवर टेकला.

"मले पन नव्हते दिसले, आई. म्हनून तर तुले विचारलं होतं."

गोपिकानं आतून आपला हात नेऊन बरोबर त्याच्यासमोर ठेवला. मधल्या प्लास्टिकला दोन्हीकडून ऊब आली. संघपाल थप्प्यांकडे तोंड करून उभा होता आणि उगाच फळ्यांना हात लावून पाहत होता. थोड्या वेळानं गोपिकानं डोळे पुसले आणि नाक वर ओढलं.

"हात काढ वं काचेवरून," ती म्हणाली. "डाग पडते."